ढवळ्या गेला, पवळ्याला गुण कोण लावणार?

वैशाख लागला की भाटघर धरणाचं पाणी हटत हटत मधल्या पात्रापर्यंत जातं. वेळवंडीच्या खोऱ्यात एरवी पाण्याखाली असणारं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं आणि काठाकाठानं गाळाची जमीन उघडी पडते. वरून भेगाळलेली, आतून ओल धरून असलेली. आमच्या लहानपणी या जमिनीचा एक उपयोग ठरलेला होता. खोंड शिकवायचे ते तिथं. दगड नाही, बांध नाही, झाड नाही. पडला तरी लागायचं नाही, आणि उधळला तर उधळून जाणार कुठं, पाण्यापर्यंत.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. थोरल्या चुलत्यांनी अडीच वर्षांचा एक तांबडा गोऱ्हा पहिल्यांदा जुवाखाली घेतला, तो मी तिथं पाहिला. डाव्या अंगाला आमचा जुना पांढरा बैल, उजवीकडं हा. मागं औत नाही, काही नाही, नुसतं जू. जुपणी आवळली तशी गोऱ्ह्यानं आधी मान खाली घातली, मग उसळी घेतली, मग आडवा फिरून जुन्याच्या तोंडाला तोंड भिडवलं आणि शेवटी गुडघ्यांवर बसला. जुना बैल उभा होता. जू तिरकं झालं तेवढ्यापुरती त्यानं मान तिरकी केली आणि कान हलवून एक माशी उडवली. चुलते दोन पावलं मागं सरून खाली बसले, चंची काढली, तंबाखू मळली. गोऱ्ह्याला एक शब्द बोलले नाहीत. बार भरून झाल्यावर उठले, जुन्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल रं बाबा." तो चालायला लागला. जू एकच, त्यामुळं तांबड्यालाही उठावं लागलं.

पुढं कितीतरी वर्षं मी समजत होतो की तो खोंड चुलत्यांनी शिकवला. तो पांढऱ्यानं शिकवला होता. चुलत्यांनी दोघांची गाठ घालून दिली आणि मधे लुडबुड केली नाही, एवढंच. तरण्या बैलाला दोरीचं, माणसाचं आणि जुवाचं वळण कसं लावायचं, याबद्दल आज जे काही बोललं जातं त्यात मोरकी बरी की वेसण, ट्रॅक्टर आला की बैल जाणार का, शर्यती हव्यात की नकोत, असे वाद खूप असतात. शिकवणारा बैल राहिला आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही. मला तोच प्रश्न मोठा वाटतो, आणि बाकीचे प्रश्नही फिरून तिथंच येऊन थांबतात.

मुलूख आधी सांगायला हवा, कारण शिकवण्याची तऱ्हा मातीवर ठरते. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन्ही तालुक्यांचं पश्चिम अंग म्हणजे हिरडस मावळ, वेळवंड खोरं, गुंजन मावळ, कानद खोरं. धो धो पाऊस, भाताची खाचरं, उतारावर नाचणी-वरई. पूर्वेकडं नीरेच्या बाजूला येत जावं तसा पाऊस कमी होतो, रान सपाट होतं, ज्वारी-बाजरी दिसायला लागते. वरच्या अंगाला लहान चणीचं, काटक गावठी जनावर. खालच्या अंगाला ज्याला परवडेल त्याच्या दावणीला खिल्लार, माणदेशातून बाजारांत फिरत फिरत आलेलं. गावठी बैल दिसायला किरकोळ, पण चिखलात पाय कसा काढायचा हे त्याला उपजत कळतं. खिल्लार उंच, देखणा, चालीला चलाख आणि डोक्यानं तापट. गावठीला जे आठ दिवसांत जमतं ते खिल्लाराला पंधरा दिवस घेतं, आणि एकदा हात उगारला तर महिनाभर तो हात विसरत नाही.

शिकवणीची साधनं फार नाहीत. मोरकी, वेसण, दावं, कासरा, जू. मोरकी म्हणजे तोंडाला घालायची दोरी: एक वेढा नाकाडावरून, एक कानांच्या मागून, आणि शेपटा हनुवटीखालून हातात. नाक टोचावं लागत नाही. वेसण नाकपुड्यांमधल्या पडद्यातून ओवलेली, शिंगांमागं नेऊन बांधलेली. आपल्या भाषेनं या दोघींत वेसणीची बाजू घेतली आहे. वेसण घालणं हा वाक्प्रचार बैल न पाहिलेला माणूसही वापरतो. मोरकीवरून एखादी म्हण मला तरी आठवत नाही. आवरण्याची आठवण भाषेनं ठेवली, शिकवण्याची ठेवली नाही. पूर्वी ही दोरखंडं अंबाडीची, घायपाताची असत, मातंग समाजातले बलुतेदार ती वळून देत आणि सणाला नवी दावी-कासरे घरी येत. आता नायलॉन. नायलॉन कुजत नाही, तुटत नाही, आणि नेमका तोच त्याचा दोष आहे. अंबाडीची मोरकी जनावरानं फारच ताणली तर काचायच्या आधी तुटायची. नायलॉनची कातड्यात रुतते.

मोरकीची सगळी विद्या ओढण्यात नाही, ढील देण्यात आहे. दोरी ताणली की नाकाडावर आणि कानामागं दाब येतो. गोऱ्ह्यानं एक पाऊल पुढं टाकलं की त्याच क्षणी दोरी सैल पडली पाहिजे. क्षणभर उशीर झाला तर त्याला कळत नाही की सुटका पावलानं झाली की मान झटकल्यानं. ज्याला मान झटकल्यावर ढील मिळाली तो आयुष्यभर मान झटकतो, आणि मालक म्हणतो जनावर खोडीचं आहे. नवशिक्या माणूस समोर उभा राहून दोन्ही हातांनी ओढत बसतो. वर्षा-सव्वा वर्षाचा गोऱ्हा गडीमाणसापेक्षा जड भरतो, शिवाय तो चार पायांवर उभा असतो. या रस्सीखेचीत माणूस जिंकत नसतो. जाणता माणूस त्याच्या खांद्याच्या रेषेत उभा राहतो आणि दोरी समोर न ओढता बाजूला घेतो. मान वळली की तोल जातो, तोल सावरायला पाऊल पडतं, पाऊल पडलं की ढील. दहा पावलं अशी पडली की त्या दिवसाची शाळा सुटली.

याच्या मागं डोळ्यांचं गणित आहे. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मान न वळवता त्यांना जवळजवळ सगळा घेर दिसतो, फक्त थेट पाठीमागची एक पट्टी दिसत नाही. आडव्या दिसण्याचं हे वरदान खोली जोखण्याच्या बाबतीत उणं पडतं. म्हणून रस्त्यावरची सावली, डबकं, पडलेला पाईप यांच्यापुढं गोऱ्हा थबकतो. त्याला तो खड्डा वाटतो. थबकलेल्या जनावराला मारणं म्हणजे खड्ड्याची भीती खरी करून देणं. त्याला हुंगू द्यायचं. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन या बाईंनी गुरांचं बुजणं, त्यांच्याभोवतीचं सुरक्षित अंतर, सावल्या-साखळ्यांना त्यांचं घाबरणं यांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि त्यावरून तिथल्या गोठ्यांची, कत्तलखान्यांची वाटसुद्धा बदलायला लावली. आमचे चुलते नांगराकडं जाताना गोऱ्ह्याच्या मागून कधी गेले नाहीत. गेलेच तर आधी खाकरत जायचे. अभ्यास दोघांचाही खराच.

दोन गोष्टी मात्र कोणी सांगितल्या नाहीत तर अंगाशी येतात. गळ्यात सरकगाठ घालायची नाही. गोऱ्हा मागं ओढायला लागला तर ती आवळतच जाते. आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही. दुसरी गोष्ट मी शिकलो ती सातवीत. बाजूने एक फटफटी गेली, गोऱ्हा उडाला आणि नायलॉनचा कासरा तळहातावरून सरसरत गेला. डाव्या तळव्यावर अंगठ्याखाली अजून एक गुळगुळीत पट्टी आहे, तिथं रेषा उमटत नाहीत. हात बघणारा एक ज्योतिषी त्यावरून बराच वेळ बोलला होता.

आता वेसण. ती साधारण वर्ष-दीड वर्षाच्या पुढं, थंडीच्या दिवसांत घालतात. पावसाळ्यात घातली तर माश्या बसतात, जखम चिघळते, अळ्या पडतात. नाकाच्या पडद्यात पुढच्या बाजूला बोटांनी चाचपलं की एक मऊ, पातळ जागा लागते. मागं कुर्चा सुरू होते. टोचायचं ते त्या मऊ जागी. कुर्चेत टोचलं तर रक्त जास्त, दुखणं जास्त आणि भरायला महिना. पुढं फारच कडेला टोचलं तर एखाद्या हिसक्यात नाक फाटतं, आणि फाटलेल्या नाकाच्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक नाही. गावात हे काम करणारा एखादाच असे आणि तो पैसे घेत नसे, सुपारी-नारळ घेई. आता पशुवैद्याकडून करून घेणारे आहेत. नीरेपलीकडं शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय असल्यामुळं या भागाला ती सोय जवळची आहे.

वेसण क्रूर आहे का? प्राणिमित्र संस्था तसं म्हणतात आणि मोरकीचा आग्रह धरतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं मात्र खच्ची करणं, शिंगं काढणं, डाग देणं यांच्या जोडीनं वेसण घालणंही ठरवून दिलेल्या रीतीनं केलं तर गुन्ह्यातून वगळलं आहे. माझं मत सांगतो. वेसण हा ब्रेक आहे. वरंधा घाटाच्या उतारावर भरलेली गाडी घेऊन जाणाऱ्याला, दोन्ही बाजूंनी वाहनं जात असलेल्या रस्त्यावर जोडी हाकणाऱ्याला ब्रेक हवाच. पण ब्रेकनं गाडी चालवायला शिकता येत नाही. ज्या गोऱ्ह्याला आधी मोरकीत वळण लागलं, त्याच्या वेसणीला पुढं फारसं कोणी हात लावत नाही. कासरा नुसता हलला तरी तो वळतो. ज्याला लहानपणी कोणी हातच लावला नाही, अडीच वर्षांचा झाल्यावर चार गड्यांनी पाडून वेसण घातली आणि त्याच आठवड्यात औताला जुंपला, त्याचं नाक कायमचं सुजलेलं दिसतं. दोष टोचण्यात कमी आणि आधीच्या दोन रिकाम्या वर्षांत जास्त. मोरकीवाल्यांनाही हे सांगायला हवं: वेसण काढून मोरकी घातली म्हणजे बैल शिकला असं होत नाही. वाढलेल्या, न शिकलेल्या बैलाला मोरकीवर धरायला गेलात तर तो तुम्हाला घेऊन जाईल.

ती दोन वर्षं कशी भरायची? इथं जुन्या घरांत कुठलाही अभ्यासक्रम नव्हता, पण दिवसाच्या कामांतच तो बसवलेला होता. वासरू पोरांच्या ताब्यात. ती त्याच्या गळ्यात हात टाकून बसत, कान खाजवत, पाय उचलून खूर बघत, शेपटीचे गोचीड काढत. हे खेळणं नव्हतं, स्पर्शाची सवय होती. पण पोरांना तसं कोणी सांगत नसे. सहा-आठ महिन्यांचा झाला की मोरकी आणि खुंटा. पहिल्या दिवशी तो खुंट्याशी भांडतो, दोरीवर लोळतो, बेंबाटतो. खुंटा रागावत नाही, थकत नाही, दया दाखवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोऱ्ह्याला उमगतं की ओढून काही होत नाही, उभं राहिलं तर दोरी सैल असते. डोक्याच्या उंचीला, आखूड बांधलेला बरा. लांब दाव्यात पाय अडकतो.

मग पाणी. ही या खोऱ्यातली सगळ्यांत मोठी शाळा होती आणि ती बंद पडल्याची नोंद कोणी केली नाही. रोज दोन वेळा गुरं नदीवर किंवा धरणाच्या कडेला न्यायची. गोऱ्हा मोरकीत, जुन्या बैलाच्या मागं. जाताना तहान, त्यामुळं चालायची घाई. येताना पोट भरलेलं, त्यामुळं अंग जड आणि डोकं शांत. वाटेत कुत्रं, एसटी, ओढ्यातला दगड, धुणं बडवणाऱ्या बायका. वर्षभरात सातशे फेऱ्या झाल्या की काय शिकवायचं राहतं? आता गोठ्यात नळ आला. गव्हाणीशेजारी सिमेंटची टाकी, त्यात पाईप. घरच्या बाईच्या डोक्यावरचा मोठा भार उतरला, ते उत्तमच झालं. गोऱ्ह्याचं चालणं मात्र त्या पाईपनं संपवलं. आजचा खोंड दोन वर्षांचा होईतो गोठ्याबाहेर पन्नास पावलंही गेलेला नसतो, आणि मग एकदम त्याला जुवाखाली घेतात.

वय दातांवरून ठरतं. दुधाचेच दात असतील तो आदत. दोन-अडीच वर्षांच्या सुमाराला पहिली जोडी पडून मोठे दोन दात येतात, तो दुसा. पुढं चौसा, सहादाती, आणि चार-पाच वर्षांत तोंड जुळतं. दुसा झाला की जुवाची ओळख, चौसा झाला की खरं काम, हा जुना हिशोब. बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी ओढ दिवसभर नेटानं लावू शकतो. अडीचशे-तीनशे किलोच्या गावठी बैलाला म्हणजे पंचवीस-तीस किलोची. आदत गोऱ्ह्याच्या हाडांना तीसुद्धा जड. १९६५ च्या ओढकामाच्या जनावरांविषयीच्या नियमांत दिवसाला नऊ तासांची आणि पारा ३७ अंशांवर असेल तिथं दुपारी १२ ते ३ विश्रांतीची मर्यादा आहे. शिकाऊ खोंडाला नऊ तास कोणी विचारतच नाही. उजाडल्यापासून न्याहारीपर्यंत, बस. दमल्यावर जनावर शिकत नाही, फक्त कामाचा राग धरतं.

खच्ची करण्याचाही वेळेशी संबंध आहे. पूर्वी बडवत, म्हणजे नुसतं ठेचणं, आणि ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. नंतर बर्डिझोचा चिमटा आला, कातडी न फाडता नस दाबणारा. लवकर केलं तर मान भरत नाही, वशिंड बसकं राहतं. फार उशीर केला तर तो मारका होतो. दुसा होताना करावं, असा इकडं सर्वसाधारण कौल.

मोसमही पाळावा लागतो. भातपट्ट्यातली सगळ्यांत मोठी चूक म्हणजे चिखलणीच्या तोंडावर खोंड काढणं. आषाढात घाई असते, रोपं लावणीला आलेली असतात, एक बैल आजारी पडतो आणि शेजारचा खोंड आणून जुंपला जातो. गुडघाभर चिखल, वरून पाऊस, मागं माणूस ओरडतोय. खोंडाचे पाय रुततात, तो बसतो. एकदा चिखलात बसलेला आणि बसल्यामुळं सुटलेला बैल पुढं जन्मभर बसतो. त्याला बसका म्हणतात आणि विकून टाकतात. घेणारा वर्षभरानं पुढं विकतो. म्हणून शिकवायचं माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. आधी नुसतं जू, मग मागं एखादा ओंडका, त्याचा खरखर आवाज कानाला सवयीचा होऊ द्यायचा. मग मोकळ्या रानात फळी किंवा हलका कुळव, मग रिकामी गाडी. नांगर शेवटी. खळ्यावरची मळणी ही तर पोरवयाच्या बैलांची बालवाडीच होती: तिवड्याभोवती, म्हणजे खळ्यातल्या खांबाभोवती, पातीत तीन-चार जनावरं, मधे कुठंतरी गोऱ्हा, ओझं काही नाही, फक्त गोल गोल दुसऱ्यांच्या चालीनं चालायचं. मळणीयंत्र आलं, तीही गेली.

या सगळ्यात सारखा कोण दिसतो? जुना बैल. पाण्याच्या वाटेवर पुढं तो, पातीत शेजारी तो, जुवाखाली जोडीला तो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपण वाईट संगतीसाठी वापरतो. ज्यानं ती पहिल्यांदा उच्चारली त्याच्या दावणीला बहुधा एखादा चुकार ढवळ्या असावा. शेतकरी तिचा उपयोग उलट करत आला: चांगल्या ढवळ्याशेजारी पवळ्या मुद्दाम बांधायचा. गुरं एकमेकांकडं बघून शिकतात आणि कळपातल्या मोठ्याचं ऐकतात. "हो हो" म्हटल्यावर जुना थांबतो, त्यामुळं नव्याला थांबावं लागतं. पाच-पन्नास वेळा झालं की त्या आवाजाचा अर्थ लागतो. माणसानं हेच एकट्यानं शिकवायचं म्हटलं तर दोरी, छडी आणि महिने लागतात.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत शाळकरी मुलं फोर-एच या चळवळीतून जत्रांमध्ये दाखवण्यासाठी खोंड पाळतात. तिथं नाक टोचत नाहीत, दोरीच्या मोरकीवरच सगळं चालतं. खोंडाला मोरकी घालून दोरी तशीच जमिनीवर लोळती सोडून देतात. चालताना तो स्वतःच्या दोरीवर पाय देतो, मान हिसकते, आणि थांबलं की ढील मिळते हे तो स्वतःच स्वतःला शिकवतो. रोज धुणं, रोज ब्रशनं अंग घासणं. आणि ज्यांना घाई असते ते एक गंमत करतात: खोंडाची मोरकी गाढवाला जोडून दोघांना कुरणात सोडून देतात. गाढव आपल्या मर्जीनं पाण्यावर जातं, सावलीला जातं. खोंड आधी ओढतो, मग मुकाट मागं जायला लागतो. म्हणजे ढवळ्या नसेल तर गाढव! आमच्या खोऱ्यात हे सांगितलं तेव्हा एक म्हातारबा म्हणाले, "गाढव तरी कुठाय आता." अमेरिकेच्या ईशान्येला न्यू इंग्लंडमध्ये अजून हौसेनं बैलजोड्या पाळतात. ते काही आठवड्यांच्या वासरांच्या मानेवर खेळण्याएवढं जू ठेवतात आणि पुढं वेसण नाही, कासरा नाही, नुसत्या आवाजावर जोडी हाकतात. 'जी' म्हटलं की उजवीकडं, 'हॉ' म्हटलं की डावीकडं. हातात एक काठी, तीही बहुतेक दिशा दाखवायला. फरक एवढाच की फोर-एचच्या पोरानं वर्षभर मोरकीत शिकवलेला खोंड जत्रेच्या शेवटी लिलावात कत्तलीसाठी जातो आणि पोरं रडतात. आपल्याकडं शिकलेला बैल दहा-बारा वर्षं घरात असायचा.

असायचा. देशपातळीवरचे आकडे पाहिले की दावणी कशा रिकाम्या झाल्या ते कळतं. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ मध्ये ते सुमारे ४ कोटी ७४ लाख उरले. सात वर्षांत जवळजवळ तीस टक्के घट. त्याच काळात गाईंची संख्या अठरा टक्क्यांनी वाढली. दूध वाढलं, ओढ संपली. संकरित गाईचा प्रसार पुणे जिल्ह्यात जोमानं झाला. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला 'बाएफ' सुरू केली, तिचा त्यात मोठा हात. संकरित गाईनं घरं उभी केली, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्या पोटच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही. जू बसायला ठाव नाही, उन्हात धाप लागते. त्याला मोरकी घालून शिकवायचं कशाला? आता लिंगनिर्धारित रेतमात्रांमुळं तो जन्मालाच कमी येतो.

भातपट्ट्यात पॉवर टिलरनं चिखलणी तासांवर आणली. मला त्यात दोष दिसत नाही. पाच गुंठ्यांच्या खाचरात जोडी फिरवताना पाय सडलेली माणसं मी पाहिली आहेत. शिरवळच्या कारखान्यांत पाळीला जाणारा मुलगा रजेच्या दोन दिवसांत टिलर लावून चिखल करून मोकळा होतो. बैलाला वर्षभर वैरण घालायची ती आठ दिवसांसाठी कोण घालेल? पूर्वी ज्याच्याकडं एकच बैल तो दुसऱ्या एकबैल्याशी वारंगुळा करायचा, म्हणजे दोघांचे बैल मिळून एक जोडी. आता वारंगुळ्याला दुसरा नाही.

मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. वरवर पाहता म्हातारे बैल गावात जास्त राहायला हवेत आणि शिकवणारे मुबलक व्हायला हवेत. झालं उलटं. थकलेला बैल विकून आलेल्या पैशांत थोडी भर घालून खोंड घ्यायचा, हे चक्र होतं. ते अडकलं तेव्हा शेतकऱ्यानं म्हातारा ठेवला नाही, खोंड घ्यायचंच बंद केलं. २०२२ मध्ये लंपीची साथ आली, गुरांचे बाजार काही काळ बंद राहिले, आणि ज्यांचा विचार डळमळत होता त्यांचा ठाम झाला.

एका ठिकाणी मात्र खोंड शिकवणारे पुन्हा दिसायला लागले आहेत, ते म्हणजे शर्यत. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलगाडा शर्यती थांबल्या. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, तोही अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा ग्राह्य धरला. तेव्हापासून आदत, दुसा, चौसा हे शब्द कॉलेजच्या पोरांच्या तोंडी आहेत. जिल्ह्याच्या उत्तरेला घाटातली शर्यत, दक्षिणेला साताऱ्याकडं सपाट मैदानावरची; भोर दोन्हींच्या मधे. शर्यतीच्या गोऱ्ह्याला मोरकीत फिरवणारी, पोहायला नेणारी, अंगाला हात लावून सवय करणारी पोरं पाहिली की बरं वाटतं. वासराच्या गळ्यात हात टाकून बसणारं पोर कितीतरी वर्षांनी दिसलं. पण ती शाळा वेगळी. नांगराच्या बैलाला पहिला धडा थांबण्याचा आणि दुसरा सावकाश चालण्याचा. शर्यतीच्या बैलाला पहिला धडा सुटण्याचा. शर्यतीतून निवृत्त झालेला बैल नव्या खोंडाशेजारी जुंपून पाहणाऱ्या एकाची गाडी ओढ्यात गेली होती. त्यानंही खोंडाला शिकवलंच, त्याला जे येत होतं ते.

फार्महाउसवाल्यांची एक नवी मागणी आहे: जोडी शिकलेली हवी, पोरांना बसवायला गाडी हवी, शेण नको. या मागणीवर मी काही बोलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाडीत एकानं गावठी गाईचा गोऱ्हा ठेवला. हौस म्हणा, हट्ट म्हणा. मोरकीत तो चांगला चालत होता, रोज धरणाच्या कडेनं फिरवून आणायचे. दुसा झाला आणि गाडं अडलं. वाडीत तीन टिलर, एक ट्रॅक्टर. जुवाखाली शेजारी उभा राहील असा बैल एकही नाही. म्हशीबरोबर जुंपून पाहिलं. म्हैस चिडली आणि गोऱ्हाही. शेवटी विचारत विचारत डोंगरापलीकडं गुंजवणीच्या बाजूला एका घरी म्हातारा बैल सापडला, तोंड कधीच जुळून दात झिजलेला. मालकानं पैसे घेतले नाहीत, पेंढ्याचे भारे आणि एक पोतं पेंड यावर ठरलं. 'छोटा हत्ती' टेम्पोतून तो आला तेव्हा सगळी वाडी बघायला जमली. उतरल्यावर त्यानं इकडंतिकडं बघितलं, गोऱ्ह्याला हुंगलं आणि गव्हाणीतल्या वैरणीला तोंड घातलं.

तेरा दिवस तो राहिला. काय शिकवलं ते कोणाला नीट सांगता येत नाही. खोंड पहिल्या दिवशी तसाच उसळला, गुडघ्यांवर बसला, आडवा झाला, म्हातारा उभा. पाचव्या दिवशी ओंडका, नवव्या दिवशी फळी. चौदाव्या दिवशी सकाळी छोटा हत्ती परत आला. म्हाताऱ्याला फळीवरून वर चढवला, मागची झडप लावली आणि गाडी धरणाच्या रस्त्याला लागली. खोंडाचं दावं कोणाच्याच हातात नव्हतं. तो गाडीमागं निघाला, मोरकीचा शेपटा धुळीत ओढत, फाट्यापर्यंत, त्याच चालीनं.